कार्लाईलची पोरं

1912 साली अमेरिकेतल्या एका सरकारी शाळेच्या संघानं देशातल्या नावाजलेल्या कॉलेजांना फुटबॉलमध्ये एकामागून एक धूळ चारली. चौदा सामने, बारा विजय, एक बरोबरी, एक हार. केलेले गुण 504, दिलेले 114. सिराक्यूज, पिट्सबर्ग, जॉर्जटाउन, ब्राउन ही तेव्हाची दादा मंडळी. त्यांच्यासमोर उभी राहिलेली पोरं होती कार्लाईल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलची. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कंबरलँड खोऱ्यात, लष्कराच्या जुन्या बराकींत भरणाऱ्या या शाळेत मूलनिवासी अमेरिकनांची मुलं शेकडो कोसांवरून आणून ठेवलेली असत. अनेकदा आईबापांच्या मनाविरुद्ध.

लग्नानंतर मी याच खोऱ्यात राहायला आले. गावात या शाळेच्या जिम थॉर्प या खेळाडूचं नाव कुठेही कानावर पडायचं, पण त्या हंगामाची गोष्ट मला कळली ती दोन म्हाताऱ्या माणसांकडून. एक आमच्या शेजारच्या आजी. त्यांच्या वडिलांनी दहाव्या वर्षी कुंपणावर चढून कार्लाईलचे सामने पाहिले होते. दुसरे मिनेसोटाहून आलेले ओजिब्वे जमातीचे एक गृहस्थ. त्यांची गाठ शाळेच्या दफनभूमीत पडली. दोघांनी सांगितलेला हंगाम एकच, पण तो सांगण्याची तऱ्हा इतकी वेगळी की दोन्ही जवळ ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आधी शाळेबद्दल सांगायला हवं, नाहीतर खेळाचं मोल समजायचं नाही. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्यानं 1879 मध्ये ती काढली. मुलांमधला आदिवासी मारून टाकायचा आणि माणूस तेवढा वाचवायचा, हे त्याचं उघड बोलून दाखवलेलं धोरण. मुलं उतरली की आधी केस कापायचे. पुष्कळ जमातींत केस कापतात ते घरातलं कुणी गेल्यावर, त्यामुळे त्या पहिल्या रात्री बराकींत काय रडारड झाली असेल याची कल्पना करवत नाही. मग अंगावर गणवेश, नवं इंग्रजी नाव आणि घरची भाषा बोलायला बंदी. सकाळी वर्ग, दुपारी सुतारकाम, लोहारकाम, शिवण, धुलाई. क्षयानं, न्यूमोनियानं, गोवरानं मुलं जात. शाळेच्या दफनभूमीत पावणेदोनशेच्या वर थडगी होती.

मी सोलापूरची. आमचे आजोबा शिक्षक होते आणि संध्याकाळी आम्हा नातवंडांना सेटलमेंटच्या गोष्टी सांगायचे. 1871 च्या कायद्यानं आख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तारेच्या कुंपणात वसवल्या, दिवसाच्या हजेऱ्या लावल्या, गिरण्यांत कामाला जुंपल्या. सोलापूरची सेटलमेंट काही काळ अमेरिकन मराठी मिशनच्या हाती होती. कुंपण पडलं ते 1952 मध्ये. आजोबांच्या वर्गात तिथली मुलं असायची. हजेरीपटावर नाव घेताना त्या मुलांचा आवाज का बसतो, हे आपल्याला फार उशिरा कळलं, असं ते म्हणत. म्हणून कार्लाईलच्या बराकी मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला परकं काही पाहतेय असं वाटलं नाही.

आता खेळाकडे येऊ. हा आपल्याकडचा फुटबॉल नाही. लांबट चेंडू हातात धरून पळायचं, समोरच्यांनी अंगावर झेप घालून पाडायचं, ठरावीक प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. शंभर वर्षांपूर्वी डोक्याला कातड्याची टोपी असली तर असे, नसली तर नसे. 1905 च्या एकाच हंगामात देशभरात अठरा-एकोणीस खेळाडू दगावले. त्याच हंगामात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टला हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना बोलावून कान टोचावे लागले होते.

कार्लाईलमध्येही खेळ सुरुवातीलाच बंद पडला होता. 1890 च्या सुमारास शेजारच्या डिकिन्सन कॉलेजशी खेळताना एका मुलाचा पाय मोडला आणि प्रॅटनं बाहेरचे सामने बंद केले. पुढे चाळीसेक मुलं त्याच्या कचेरीत येऊन उभी राहिली. त्यांच्यातल्या बोलक्यानं असं काही बिनतोड भाषण केलं की प्रॅट विरघळला. हे त्यानं स्वतःच आठवणींत लिहून ठेवलंय. त्यानं दोन अटी घातल्या. समोरच्यानं गुद्दा मारला तरी उलट हात उचलायचा नाही, आणि चार वर्षांच्या आत देशातल्या सर्वांत मोठ्या संघाला हरवायचं. पोरांनी दोन्ही कबूल केल्या. मला या गोष्टीत प्रॅटचं मोठेपण दिसत नाही. दिसतात ती चाळीस मुलं, ज्यांच्यापाशी मागायला दुसरं काहीच उरलं नव्हतं आणि ज्यांनी जे मागितलं ते मिळवलं.

1899 मध्ये ग्लेन वॉर्नर प्रशिक्षक म्हणून आला. सगळे त्याला पॉप म्हणत. मधली काही वर्षं सोडली तर 1914 पर्यंत तो इथेच होता. कार्लाईलची पोरं वजनाला हलकी आणि संख्येनं थोडी, त्यामुळे वॉर्नरनं वेग आणि हुलकावणी यांवर सगळा डाव बसवला. 1903 मध्ये हार्वर्डविरुद्ध केलेली युक्ती आजींच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगितली जायची. चार्ल्स डिलन नावाच्या खेळाडूच्या सदऱ्याला पाठीमागे आतून इलॅस्टिक शिवून घेतलं होतं. हार्वर्डनं मारलेला चेंडू जिमी जॉन्सननं झेलला, भोवती सगळे घोळका करून उभे राहिले, आणि त्या घोळक्यात चेंडू डिलनच्या सदऱ्यात गेला. मग प्रत्येक जण पोटाशी चेंडू धरल्यासारखा वेगवेगळ्या दिशेला पळाला. डिलन मात्र दोन्ही हात मोकळे हलवत सरळ मैदानाच्या टोकाला पोचला. हार्वर्डवाले सगळ्यांना पाडत सुटले, त्याला सोडून. सामना हार्वर्डनं 12-11 असा जिंकला, पण त्या संध्याकाळी बोस्टनमध्ये चर्चा कशाची झाली असेल हे सांगायला नको.

1906 मध्ये चेंडू पुढे फेकायला नियमानं मुभा मिळाली. मोठ्या कॉलेजांनी या नव्या चालीकडे नाक मुरडलं, कार्लाईलनं ती आपलीशी केली. 1907 मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला फिलाडेल्फियात 26-6 असं हरवलं तेव्हा शायान जमातीचा पीट हाउझर चाळीस-चाळीस यार्ड लांब चेंडू फेकत होता. आज अमेरिकेत रविवारी संध्याकाळी घराघरांत जो खेळ पाहतात, त्याचा पाया या पोरांनी घातला. इथल्या शाळांच्या पुस्तकांत एवढं एक वाक्य ठळक छापलं जायला हवं.

त्याच वर्षी संघात एक नवा मुलगा आला. ओक्लाहोमाच्या सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प. जुळा भाऊ लहानपणीच गेलेला, आई गेलेली, कार्लाईलला आल्यावर थोड्याच दिवसांत वडीलही गेले. पाच वर्षांनी, 1912 च्या उन्हाळ्यात, त्यानं स्टॉकहोमच्या ऑलिम्पिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन ही दोन्ही सुवर्णपदकं मिळवली. त्याच ऑलिम्पिकमध्ये कार्लाईलच्याच लुईस तेवानिमानं दहा हजार मीटरचं रौप्य घेतलं. तेवानिमा होपी जमातीचा. आपल्या मुलांना सरकारी शाळेत घालायला ज्या होपी लोकांनी नकार दिला, त्यांच्यातला तो. त्याला 1907 मध्ये कैद्यासारखं धरून इथे आणलं होतं. ऑगस्टमध्ये दोघं परत आले तेव्हा गावानं मिरवणूक काढली. आजींचे वडील त्या गर्दीत होते. मोटारीतला थॉर्प अवघडल्यासारखा बसला होता आणि त्याची मान सारखी खाली जात होती, हे ते मरेपर्यंत सांगायचे.

आजी हे सांगता सांगता एकदा उठल्या आणि कपाटातून एक चोपडं घेऊन आल्या. त्यांच्या आजोबांची गावाबाहेर शेती होती. कार्लाईलची मुलं उन्हाळ्यात गोऱ्या शेतकऱ्यांकडे कामाला पाठवायची पद्धत होती, तिला ‘आउटिंग’ म्हणत. मजुरीतला एक वाटा शाळेच्या खात्यात जमा व्हायचा. चोपड्यात पेन्सिलीनं लिहिलेला एक उन्हाळा होता. गवत कापणी. बूट. टपाल तिकिटं. पुन्हा गवत कापणी. पानाच्या डोक्यावर मुलाचं नाव म्हणून नुसतं ‘जॉन’. आडनाव नाही, गाव नाही, कुठल्या लोकांतला ते नाही. टपाल तिकिटांच्या तीन नोंदी होत्या. म्हणजे तो घरी पत्रं लिहीत होता. कुणाला, कुठे, ते चोपडं सांगत नाही. ‘आमच्या आजोबांनी त्याला कधी उपाशी ठेवलं नाही,’ आजी म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘पण त्याचं खरं नाव कुणी विचारलं नाही.’ मी ते पान बराच वेळ धरून बसले होते.

1912 च्या सप्टेंबरात हंगाम सुरू झाला. त्या वर्षी नियम बदलले होते. मैदान शंभर यार्डांचं झालं, तीन प्रयत्नांऐवजी चार मिळू लागले, टचडाउनला, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकापार नेण्याला, पाचाऐवजी सहा गुण. वेगवान संघाला हे नियम धार्जिणे होते. पहिले सामने किरकोळ. ऑल्ब्राइट 50-7, लेबनन व्हॅली 45-0, डिकिन्सन 34-0. आजींचे वडील कुंपणावर चढले ते याच दिवसांत, कारण त्यानंतर संघ घरी राहिलाच नाही. मोठ्या शहरांत तिकिटांचा गल्ला मोठा. त्यामुळे पोरांनी आगगाडीत झोपायचं, उतरायचं, खेळायचं, पुन्हा गाडीत बसायचं. वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनला 34-20 नं हरवलं आणि लगोलग कॅनडात जाऊन टोरांटोच्या संघाशी खेळले. तोही सामना 49-1 असा मारला. हा गल्ला वॉर्नरच्या ताब्यातल्या क्रीडा निधीत जायचा. संघात जागा मिळवलेल्या मुलाला त्यातून एक सूट आणि एक ओव्हरकोट मिळे, प्रत्येकी पंचवीस डॉलरचा. पोरांनी मिळवून दिलेल्या पैशाच्या मानानं हे काहीच नव्हतं.

मिनेसोटाच्या गृहस्थांचे आजोबा त्या वेळी शाळेत होते. संघात नाही, बँडमध्ये. ‘आजोबांना गुण आठवत नसत,’ ते म्हणाले. ‘ते माणसं मोजायचे.’ आणि त्यांनी आजोबांसारखीच बोटं मोडत मोजून दाखवलं. क्वार्टरबॅक गस वेल्च, विस्कॉन्सिनकडचा ओजिब्वे, आपला. जो गायन, व्हाइट अर्थचा ओजिब्वे, तोही आपला. पीट कॅलॅक कॅलिफोर्नियाचा. अलेक्स आर्कासा पार वॉशिंग्टन राज्यातल्या कॉलव्हिलचा. पॉवेल चेरोकी. बुश पोमो. थॉर्प सॅक अँड फॉक्स. शाळेनं ज्या खुणा पुसायला तीस वर्षं खर्ची घातली, त्या बँडमधल्या एका पोरानं अशा पाठ करून घरी नेल्या आणि मुला-नातवंडांपर्यंत पोचवल्या. माझ्या लेखी त्या हंगामाची सगळ्यात खरी नोंद हीच आहे.

नोव्हेंबरच्या 9 तारखेला वेस्ट पॉइंट. अमेरिकेच्या लष्करी अकादमीचा संघ, त्यांचंच मैदान. वूंडेड नीला लष्करानं लाकोटा बायकामुलांसह शेकडो माणसं गोळ्या घालून मारली त्याला पुरती बावीस वर्षंही झाली नव्हती. ज्यांनी ते घरी ऐकलं होतं ती मुलं आता उद्याच्या लष्करी अधिकाऱ्यांसमोर उभी राहणार होती. सामन्याआधी वॉर्नरनं फार बोलायचं टाळलं, असं सांगतात. समोरच्या पोरांच्या बापजाद्यांनी तुमच्या बापजाद्यांशी लढाया केल्या, एवढी आठवण त्यानं दिली म्हणे.

सुरुवात लष्कराची झाली, पहिला टचडाउन त्यांचा. मग कार्लाईलनं नवी रचना मांडली. वॉर्नरनं दोन खेळाडू दोन्ही बाजूंना पंखांसारखे पुढे उभे केले होते. कोण चेंडू घेऊन पळणार, कोण नुसता पळण्याचं सोंग करणार, हे समोरच्यांना कळेना. सगळे थॉर्पवर धावून जायचे आणि चेंडू तिसऱ्याच्याच हातात असायचा. मध्यंतराला कार्लाईल 7-6 असं एका गुणानं पुढे. त्यानंतर लष्कराच्या खात्यात एकही गुण जमा झाला नाही. त्यांचा कप्तान लीलंड डेव्होर चिडून अंगावर गेला आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं.  शेवट 27-6. त्यांतले तीन टचडाउन आर्कासाचे. थॉर्पचा एकही नाही, हे गावात सांगितलं तर लोक वाद घालतात. गोष्ट सांगणाऱ्यांनी सगळं त्याच्या पदरात टाकलंय. पण लष्कराच्या बचावाला त्यानं स्वतःभोवती गुंतवून ठेवलं नसतं, तर आर्कासाला वाट मिळाली नसती, हेही तितकंच खरं.

लष्कराच्या संघात त्या दिवशी ड्वाइट आयझेनहॉवर होता, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला. एका सोबत्याला घेऊन थॉर्पला जायबंदी करायचा बेत त्यानं केला होता. दोघं आदळले, थॉर्प उठून पळत राहिला. हे आयझेनहॉवर स्वतः सांगत असे.

हंगामातली एकमेव हार पुढच्याच आठवड्यात झाली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून 34-26. मग स्प्रिंगफील्ड, आणि थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्रॉव्हिडन्समध्ये ब्राउनचा 32-0 असा पाडाव. थॉर्पचा कार्लाईलसाठीचा तो शेवटचा सामना.

जानेवारीत बातमी फुटली. थॉर्प 1909 आणि 1910 च्या उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलायनात थोड्या पैशांवर बेसबॉल खेळला होता. तेव्हा हौशी आणि व्यावसायिक यांच्यात भिंत उभी होती. कॉलेजांतली पुष्कळ गोरी मुलं खोट्या नावानं तेच करायची, थॉर्प खऱ्या नावानं खेळला. पदकं काढून घेतली. वॉर्नर आणि शाळेचा प्रमुख मोझेस फ्रीडमन यांनी आपल्याला काही ठाऊकच नव्हतं म्हणून हात वर केले. जो मुलगा दोन उन्हाळे शाळेबाहेर होता तो काय करतोय हे प्रशिक्षकाला माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. 1982 मध्ये ऑलिम्पिक समिती नमली, पुढच्या वर्षी पदकं घरच्यांना मिळाली, पण विजेता म्हणून त्याचं नाव इतरांच्या बरोबरीनं लिहिलं. एकट्याचं नाव लागायला 2022 उजाडलं. तोवर त्याला जाऊन एकोणसत्तर वर्षं झाली होती.

बाकीच्यांची कथा कुणी फारशी सांगत नाही. 1914 मध्ये गस वेल्चनं दोनशेहून जास्त विद्यार्थ्यांच्या सह्या गोळा करून शाळेच्या कारभाराची चौकशी मागितली. संसदेची समिती आली. वॉर्नरची शिवीगाळ, मारहाण, क्रीडा निधीचा कारभार, सगळं मुलांनी शपथेवर सांगितलं. ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली नाव कमावलं त्याच्याविरुद्ध उभं राहायला वेस्ट पॉइंटपेक्षा मोठी छाती लागते. वॉर्नर पिट्सबर्गला गेला आणि तिथे आणखी मोठा झाला. कार्लाईल 1918 मध्ये बंद पडलं. 1922 मध्ये ओहायोतल्या एका कुत्रे विकणाऱ्या व्यापाऱ्यानं जाहिरातीसाठी मूलनिवासींचा एक व्यावसायिक संघ काढला. थॉर्प, गायन, कॅलॅक तिथे पुन्हा एकत्र आले. मध्यंतरात त्यांना कुत्र्यांबरोबर खेळ करून दाखवावे लागत. दोन हंगामांत तो संघही संपला.

2017 साली वायोमिंगच्या अरापाहो लोकांनी आपली मुलं थडग्यांतून घरी न्यायला सुरुवात केली, मग इतर जमाती येऊ लागल्या. मिनेसोटाचे गृहस्थ त्याच संदर्भात इथे आले होते. डिसेंबर 2024 मध्ये शाळेची जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली. आजी तोवर गेल्या होत्या. ते चोपडं त्यांच्या मुलीनं जपून ठेवलंय.

पेनसिल्व्हेनियात आता मराठी घरं थोडीथोडकी नाहीत. पाहुणे आले की आपण त्यांना फिलाडेल्फियाची घंटा दाखवतो, हर्शीचं चॉकलेटचं गाव दाखवतो. हर्शीहून कार्लाईल तासाभराच्या आत आहे. जागा लष्कराच्या आवारात आहे, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा आणि आत जायची परवानगी आधी काढा. पोरांना बरोबर न्या. आधी दफनभूमी दाखवा, मग मैदान. आणि कुणी थॉर्पची गोष्ट सांगायला लागलं, तर बाकीच्या दहा जणांची नावं विचारा, आणि ते कुठल्या लोकांतले होते तेही विचारा.